मद्यपाश आणि परस्परबोध

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने भगवंतास विचारलेला एक प्रश्न आहे (३.३६). मनुष्याची स्वतःची इच्छा नसतानाही, कोणी बळजबरीने जुंपावे तसा तो पापाचे आचरण करतो, ते कोणाच्या प्रेरणेने? हा प्रश्न आपण अनेकदा वाचतो आणि उत्तराकडे वळतो. परंतु ज्या घरातील कर्ता पुरुष दारूच्या आहारी गेला आहे, त्या घरात हा प्रश्न पोथीतला राहत नाही. तो रोज दिवेलागणीला उंबऱ्यावर येऊन उभा राहतो. सकाळी ज्याने पश्चात्तापाने डोळे पुसले, तोच सायंकाळी त्याच वाटेने का जातो? तो खोटे बोलत होता काय? बहुधा नाही. सकाळचे अश्रू खरे असतात आणि सायंकाळचे पाऊलही खरे असते. या दोहोंमध्ये काय घडते, हे समजून घेणे हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

विषय थोड्या घरांपुरता नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली राष्ट्रव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या त्रासासाठी साहाय्याची गरज आहे. प्रत्येकाच्या मागे एक कुटुंब धरले, तर हे दुःख किती उंबऱ्यांवर उभे आहे याची कल्पना येईल.

शपथ का मोडते?

प्रस्तुत लेखकाच्या घरातीलच एक गोष्ट येथे सांगतो. माझे थोरले बंधू वृत्तीने सात्त्विक, हिशेबाला चोख आणि एकादशी कधी न मोडणारे होते. चाळिशीनंतर त्यांना दारूचे व्यसन जडले. वडीलधाऱ्यांनी विचार करून त्यांना कुलदेवतेसमोर नेले, हातात बेलभंडार दिला आणि पुन्हा थेंबालाही शिवणार नाही अशी शपथ घेवविली. शपथ त्यांनी मनापासून घेतली, याविषयी मला आजही शंका नाही. ती नवव्या दिवशी मोडली. पुढील चार वर्षांत असा बेलभंडार आणखी दोनदा उचलला गेला. प्रत्येक वेळी शपथ मोडल्यावर ते पूर्वीपेक्षा अधिक पीत. कारण आता दारूच्या लाजेवर देवाच्या अपराधाची लाज चढलेली असे. ते निवर्तले तेव्हा त्यांचे वय एक्कावन्न होते. शपथ घेवविताना आम्ही सहा जण हजर होतो. ती पाळताना ते एकटे होते. आमच्या हातून कोठे चूक झाली, याचा विचार करताना गीतेतील काही श्लोक मला नव्याने वाचावे लागले. तेच वाचकांपुढे ठेवीत आहे.

दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की, आहार तोडलेल्या मनुष्यापासून विषय दूर होतात, परंतु त्यांच्याविषयीचा ‘रस’ मागे राहतो, तो रसही परतत्त्वाच्या दर्शनाने निवृत्त होतो (२.५९). शपथेने दारू दूर होते. रस दूर होत नाही. बाटली घरातून गेली म्हणजे व्यसन गेले, असे मानणारे आम्ही सर्व या श्लोकाच्या पूर्वार्धापाशीच थांबलो होतो.

पुढचे दोन श्लोक (२.६२–६३) म्हणजे पतनाचा जिना होय. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, जिन्याची पहिली पायरी कृती नाही, चिंतन आहे. पिणारा मनुष्य गुत्त्यात शिरतो तेव्हा त्याचे पतन सुरू होत नाही. दुपारी कचेरीत बसून तो सायंकाळची आठवण घोळवू लागतो, तेव्हाच ते सुरू झालेले असते. मग कोणी अडविले की क्रोध येतो. मग बायकोमुलांची, कर्जाची, काल रात्रीच्या फजितीची आणि आज सकाळच्या अश्रूंची स्मृती पुसली जाते. शपथ विसरली जाते ती अशी. तिचा अनादर केला जात नाही. ती त्या क्षणी हाताशीच नसते.

येथे वैद्यकशास्त्राचीही साक्ष काढली पाहिजे. मद्यपाश हा केवळ स्वभावदोष नसून रोग आहे, असे आजचे वैद्यक मानते. दीर्घकाळच्या सेवनाने मेंदूची आणि शरीराची घडणच मद्यावर अवलंबून राहू लागते. पुष्कळ दिवस रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास हातापायांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. काहींना झटके येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन प्राणावरही बेतू शकते. म्हणून अशा मनुष्यास देवघरात कोंडून ठेवणे किंवा प्रवासाला नेऊन दारू तोडविणे हे धाडस कोणी करू नये. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गेले पाहिजेत. अति मद्यसेवनाने शरीरात ब-१ जीवनसत्त्वाची उणीव होते आणि तीमुळे काहींची स्मरणशक्ती कायमची दुबळी होते, हेही डॉक्टर सांगतात. औषध हा श्रद्धेचा अभाव नव्हे. आहारविहार युक्त असलेल्यासच योग दुःखनाशक होतो, असे सहावा अध्याय सांगतो (६.१७), आणि रोगी शरीर युक्त करणे ही त्या योगाची पूर्वतयारीच होय.

शत्रूचे ठाणे

आता अर्जुनाच्या प्रश्नाचे उत्तर पाहू. भगवंत सांगतात की, हा काम आहे, हा क्रोध आहे, आणि इंद्रिये, मन व बुद्धी ही त्याची ठाणी आहेत (३.३७, ३.४०). इंद्रिये आणि मन यांविषयी आपणांस आश्चर्य वाटत नाही. परंतु बुद्धीचाही समावेश भगवंतांनी त्यात केला आहे, इकडे साधकाचे लक्ष क्वचितच जाते.

मद्यपी मनुष्याची बुद्धी मंद नसते; उलट त्या एका विषयात ती विलक्षण तल्लख होते. ‘आज फार थकलो आहे’, ‘आज आनंदाचा दिवस आहे’, ‘मित्राचे मन मोडवत नाही’, ‘एका घोटाने काय होते’, ‘उद्यापासून नक्की’ अशी कारणे तीच पुरविते. ज्या बुद्धीने शत्रूला ओळखावयाचे, तीच शत्रूच्या ताब्यात गेली तर मनुष्याने काय करावे? स्वतःच्या बुद्धीने स्वतःच्या बुद्धीवर पहारा कसा ठेवावा? तो पहारेकरीच फितूर झालेला असतो.

येथूनच सोबत्याची गरज सिद्ध होते. ज्याची बुद्धी या एका बाबतीत परस्वाधीन झाली आहे, त्याने काही काळ दुसऱ्याची बुद्धी उसनी घेतली पाहिजे. हा दुसरा कोण असावा? उपदेशक पुष्कळ मिळतात; परंतु ज्याने तो काळोख पाहिलेला नाही, त्याचे बोलणे मद्यप्याच्या कानावरून जाते. दुसरा असा हवा की, जो त्याच खड्ड्यात पडला होता आणि वर आला आहे.

अ‍ॅक्रनची भेट

हे तत्त्व व्यवहारात कसे सापडले, याची हकीकत अमेरिकेतील आहे. बिल विल्सन हा न्यूयॉर्कमधील शेअरबाजारातला गृहस्थ दारूपायी धुळीस मिळाला होता. रुग्णालयात त्याच्यावर डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी उपचार केले. शरीराची विकृत प्रतिक्रिया आणि मनाचा अनावर ध्यास अशी या रोगाची दोन अंगे ते समजावून सांगत. १९३४ सालच्या डिसेंबरमध्ये त्याची दारू सुटली. त्यानंतरच्या सहा महिन्यांत त्याने अनेक मद्यप्यांना उपदेश केला. एकाचीही दारू सुटली नाही. परंतु या खटाटोपात त्याचे स्वतःचे पाऊल मात्र घसरले नाही.

१९३५ च्या मे महिन्यात तो कामानिमित्त ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या गावी गेला. काम फसले. हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा होता आणि समोरच मद्यगृह होते. तेथे जाऊन चार माणसांत बसावे, असे मन सांगू लागले. त्या क्षणी त्याच्या ध्यानात आले की, आपल्याला वाचावयाचे असेल तर दुसरा एखादा मद्यपी गाठून त्याच्याशी बोलले पाहिजे. त्याने गावातील धर्मोपदेशकांना दूरध्वनी केले. त्यातून हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी गाठ पडली आणि त्यांनी १२ मे रोजी डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याची भेट घडवून आणली. डॉ. बॉब स्वतः कित्येक वर्षे दारूत बुडालेले होते. पंधरा मिनिटांहून अधिक बसणार नाही, असे ठरवून ते आले आणि कित्येक तास बोलत राहिले. कारण समोरचा मनुष्य त्यांना उपदेश करीत नव्हता. तो स्वतःची कहाणी सांगत होता. आणि मी तुमच्या उपकारासाठी आलो नाही, मला स्वतःला तुमची गरज आहे, अशी त्याची भूमिका होती.

पुढे काही दिवसांनी एका वैद्यक परिषदेस गेले असता डॉ. बॉब पुन्हा प्याले. परत आल्यावर त्यांची दारू कायमची सुटली. तो दिवस १० जून १९३५ हा मानतात आणि तोच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघाचा स्थापनादिन होय. डॉ. बॉब १९५० साली निवर्तले, बिल विल्सन १९७१ साली. दोघेही शेवटपर्यंत मद्यापासून मुक्त राहिले. १९३९ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्यात साधनेच्या बारा पायऱ्या सांगितल्या गेल्या. हा संघ १९५७ साली दिल्लीमार्गे आपल्या देशात आला. तेथे वर्गणीची सक्ती नाही; दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. सभासद आपले आडनाव मागे ठेवून सभेत येतात. ‘अमका’ म्हणून मिळणारा मान आणि ‘अमका’ म्हणून होणारी नाचक्की, दोन्ही दाराबाहेर राहतात.

एकमेकांस बोध

गीतेच्या दहाव्या अध्यायात भक्तांचे वर्णन करताना भगवंत सांगतात की, ते माझ्या ठायी चित्त ठेवून एकमेकांस बोध करतात, माझ्याविषयी बोलतात आणि त्यातच संतोष पावतात (१०.९). येथे ‘परस्पर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एक बोलणारा आणि बाकीचे ऐकणारे अशी ही रचना नव्हे. प्रत्येक जण कधी देणारा, कधी घेणारा. आणि लगेच पुढच्या श्लोकात (१०.१०) अशा भक्तांना काय मिळते? भगवंत त्यांना बुद्धियोग देतात.

आता हे सूत्र जुळवून पाहावे. दुसऱ्या अध्यायात बुद्धीचा नाश झाला. तिसऱ्या अध्यायात बुद्धी शत्रूचे ठाणे ठरली. आणि दहाव्या अध्यायात परस्परबोध करणाऱ्यांना बुद्धी परत दिली जाते. दहाव्या अध्यायातील प्रसंग भगवत्कथेचा आहे, व्यसनमुक्तीचा नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि, गेलेली बुद्धी एकट्याच्या झगड्यातून येत नसून सत्संगातून आणि ईश्वराच्या देण्यातून येते, हा सिद्धान्त दोन्हीकडे एकच आहे.

महाराष्ट्रास ही गोष्ट नवी नाही. वारकरी पंथात माळ घातली की मद्यमांस वर्ज्य होते; परंतु माळ घालणारा एकटा सोडला जात नाही. त्याच्यामागे दिंडी असते, एकादशी असते, भजनाचा फड असतो आणि पायावर डोके ठेवणाऱ्याच्याही पायावर डोके ठेवणारे सोबती असतात. माळ ही शपथ आहे खरी, पण ती समुदायात घेतलेली आणि समुदायाने सांभाळलेली शपथ आहे. आमच्या घरच्या बेलभंडाऱ्यात आणि या माळेत जो फरक आहे, तो हाच. श्री गाडगे महाराज कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून दारूचे दोष वदवून घेत, त्यातही हेच मर्म होते. आचार्य विनोबांची गीताप्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली; सांगणारा कैदी आणि ऐकणारेही कैदी! पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्याने येणाऱ्यांच्या मदतीस उभी राहिली.

बंधूंच्या निधनानंतर दोन वर्षांनी मी एका गावी अशा संघाच्या खुल्या सभेस गेलो होतो. शाळेची खोली, मुलांची बाके, कोपऱ्यात चहाची किटली. एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले की, आज मला एकवीस वर्षे झाली. त्यांच्यामागून एक तरुण उठला, त्याचा हात कापत होता. तो म्हणाला, आज माझा चौथा दिवस. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. सभा संपल्यावर ते वृद्ध गृहस्थ त्या तरुणाजवळ गेले आणि म्हणाले, “बाळ, तू आलास म्हणून माझा आजचा दिवस निभावला.” हे औपचारिक बोलणे नव्हते. एकवीस वर्षांनंतरही त्यांना चौथ्या दिवसाची गरज होती. माझ्या बंधूंना अशी एखादी खोली कोणी दाखविली असती तर, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

या मार्गाचा उपयोग अभ्यासकांनी तपासूनही पाहिला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींचा विचार केला होता. वर्षभर पूर्णपणे दारूमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण या मार्गाने शेकडा सुमारे ४२, तर विचार व वर्तन यांवर भर देणाऱ्या दुसऱ्या मान्य उपचाराने शेकडा सुमारे ३५ दिसून आले. या मार्गाने सर्वच तरतात असे नाही. पण हा भोळा समज आहे, असेही म्हणता येणार नाही.

एक शंका

येथे अभ्यासू वाचक एक शंका घेईल. त्या संघाची पहिली पायरी अशी की, दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करावे. उलट गीता सांगते की, मनुष्याने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा, खचू नये, आपणच आपले बंधू आणि आपणच आपले वैरी (६.५). मग हतबलतेची कबुली हा गीतेस मान्य मार्ग कसा?

शंका योग्य आहे. उत्तरासाठी अर्जुनाकडेच पाहावे. गीतेचा उपदेश सुरू केव्हा होतो? दैन्याने माझा स्वभाव झाकोळला आहे, मला काही कळेनासे झाले आहे, मी तुझा शिष्य आहे, मला शिकव, असे अर्जुन म्हणतो तेव्हा (२.७). तोपर्यंत तो पांडित्याच्या गोष्टी सांगत होता. हतबलतेची ही कबुली हाच अर्जुनाचा पहिला पुरुषार्थ होय. पुढे बुद्धी हे शत्रूचे ठाणे आहे असे सांगितल्यावर, बुद्धीच्याही पलीकडे जो आहे त्याला जाणून या शत्रूस जिंक, असे भगवंत सांगतात (३.४२–४३). संघाच्या दुसऱ्या व तिसऱ्या पायरीत आपल्याहून थोर शक्तीवर विश्वास ठेवून तिच्या हाती जीवन सोपवावयाचे असते. तिला कोणत्या नावाने ओळखावे, हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेले आहे. त्या पायऱ्यांचा उगम ख्रिस्ती वातावरणात झाला. त्या गीतेतून निघाल्या असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. परंतु जो ज्या भावाने येईल त्याला त्या भावाने स्वीकारणाऱ्या भगवंताच्या (४.११) उपासकास त्या परक्या वाटण्याचे कारण नाही.

मग उद्धाराचा प्रयत्न कोठे करावयाचा? जेथे तो करता येतो तेथे. तिसऱ्या प्याल्यानंतर चौथा नाकारणे मद्यप्याच्या हाती राहत नाही. पहिला प्याला न उचलणे, गुत्त्याची वाट टाळणे, मनात चिंतन सुरू होताच सोबत्यास गाठणे आणि सभेला जाऊन बसणे, हे मात्र त्याच्या हाती आहे. हतबलता दारूपुढे आहे. सभेच्या वाटेवर नाही. स्वतःने स्वतःचा उद्धार करणे याचा अर्थ एकट्याने करणे असा नव्हे.

उरलेल्या पायऱ्याही थोडक्यात पाहाव्यात. आपल्या दोषांची निर्भय नोंद करावी, ती देवापाशी आणि एका विश्वासू मनुष्यापाशी उघड करावी, ज्यांचे नुकसान केले त्यांची शक्य तेथे भरपाई करावी, रोज आत्मपरीक्षण आणि प्रार्थना करावी. आणि शेवटी, मिळालेले दुसऱ्या पीडितास द्यावे. हा शेवटचा नियम म्हणजे परस्परांना वाढवीत श्रेय मिळवा, या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राच्या उपदेशाशी (३.११) नाते सांगणारा आहे.

रसाला रसाने उत्तर

राहिलेला रस कशाने जातो? स्वित्झर्लंडमधील विख्यात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९६१ साली बिल विल्सन यांस एक पत्र लिहिले. मद्याची तहान ही मुळात पूर्णत्वासाठी लागलेली आत्म्याची तहान असून ती खालच्या पातळीवर व्यक्त झालेली असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गीतेचे उत्तर त्याहून जुने आणि त्याच दिशेचे आहे: थोर रस लाभला की हलका रस गळून पडतो.

परंतु तो थोर रस पहिल्या दिवशी गोड लागत नाही, हे साधकास आधीच सांगून ठेवले पाहिजे. अठराव्या अध्यायात सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे सांगितले आहे, राजस सुख त्याच्या उलट (१८.३७–३८). दारू सोडलेल्याचे पहिले महिने कंटवाणे, निद्राहीन आणि चिडचिडे जातात. नामस्मरणात मन लागत नाही. ‘एवढे करून काय मिळाले?’ असे वाटू लागते. त्या काळात विष पिऊन अमृतापर्यंत पोहोचलेले लोक समोर दिसले, तर मनुष्य टिकतो.

यासाठीच संघात आजच्या दिवसापुरताच निश्चय करावा असे सांगतात. जन्मभराचा डोंगर मनाला पेलत नाही. आजचा दिवस पेलतो. चंचल मन जेथे जेथे धावेल तेथून त्याला वळवून पुन्हा आणावे, असे सहावा अध्याय सांगतो (६.२६). ‘पुन्हा पुन्हा’ हेच अभ्यासाचे स्वरूप आहे. वायूसारख्या मनास आवरण्यास भगवंतांनी दोनच साधने सांगितली, अभ्यास आणि वैराग्य (६.३५), आणि वैराग्य उगवेपर्यंत सारा भार अभ्यासावरच असतो.

पुन्हा पडला तर

सहाव्या अध्यायातच अर्जुनाने आणखी एक प्रश्न विचारला आहे. श्रद्धा असूनही योगापासून जो ढळला, तो फाटलेल्या मेघासारखा दोन्हीकडून नष्ट तर होत नाही ना (६.३७–३८)? भगवंत वात्सल्याने उत्तर देतात की, कल्याणाचे आचरण करणारा कोणीही दुर्गतीस जात नाही (६.४०). नवव्या अध्यायात तर अत्यंत दुराचारी मनुष्यही योग्य निश्चय करताच साधू मानावा, तो लवकरच धर्मात्मा होतो, असे आश्वासन आहे (९.३०–३१).

ज्याची दारू शंभर दिवस सुटली आणि एकशे एकाव्या दिवशी तो घसरला, त्याचे ते शंभर दिवस बुडाले नाहीत. ते त्याने कमावलेले आहेत. घसरल्यानंतरचा सर्वांत मोठा धोका दारूचा नसून लाजेचा असतो. लाज त्याला सोबत्यांपासून दूर ठेवते आणि दूर राहिलेला मनुष्य पुन्हा पितो. माझ्या बंधूंना आम्ही तिसऱ्या वेळी म्हणालो होतो, “देवालाही फसविलेस.” ते वाक्य आज परत घेता येत नाही. त्याऐवजी “उद्या सकाळी पुन्हा सुरू करू, मी बरोबर येतो” एवढेच म्हणावयास हवे होते.

घरच्यांचे कर्तव्य

मद्यप्याच्या घरातील माणसेही त्या पाशात गुंतलेली असतात. माझ्या वहिनी कचेरीत ‘ताप आला आहे’ असे खोटे कळवीत, उसनवारी फेडीत, शेजाऱ्यांपासून सारे झाकीत. त्यांचा हेतू प्रेमाचाच होता. परंतु त्यामुळे दारूचे फळ भोगण्याची वेळ बंधूंवर आलीच नाही. कुटुंबीयांच्या परस्परसाहाय्यासाठी बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली सहकाऱ्यांसह ‘अल-अ‍ॅनॉन’ ही वेगळी संघटना सुरू केली. तेथे शिकविले जाणारे मर्म असे की, घरच्यांनी त्याला दारू लावली नाही, ते त्याची दारू ताब्यात ठेवू शकत नाहीत आणि त्याला बरे करणेही त्यांच्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते कर्म करावे आणि फळाचा हट्ट सोडावा, या गीतेच्या शिकवणुकीचा याहून कठीण पाठ गृहस्थाश्रमात क्वचितच मिळेल.

मात्र अनासक्ती म्हणजे मार सोसणे नव्हे. जेथे स्त्रीला किंवा मुलांना इजा होण्याचे भय आहे, तेथे प्रथम त्यांस सुरक्षित स्थळी नेणे हाच धर्म होय. तेथे क्षमेचा उपदेश करू नये.

आचरणाचे नियम

१. दीर्घकाळचा मद्यपी असेल तर आधी डॉक्टरांस दाखवावे. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा मार्गदर्शन करते.

२. एकट्याने शपथ घेऊ नये, घेववूही नये. व्यसनमुक्त झालेल्या एका तरी मनुष्याची गाठ घालून द्यावी. पहिल्या सभेस कोणी तरी बरोबर जावे.

३. सकाळी उठल्यावर केवळ आजच्या दिवसाचा संकल्प करावा. रात्री निजताना दिवसाचा आढावा घ्यावा आणि ईश्वराचे आभार मानावे.

४. दिवेलागणीची वेळ रिकामी ठेवू नये. त्या वेळी सभा, भजन, गीतापाठ, फिरणे किंवा काम योजावे.

५. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चार चोर ओळखून ठेवावेत. त्यांपैकी एक जरी घरात शिरला, तरी सोबत्यास तत्काळ कळवावे.

६. पाय घसरला तर त्याच दिवशी सोबत्यांत परत यावे.

७. काही दिवस निभावले की नव्याने आलेल्याच्या शेजारी जाऊन बसावे. देण्यासाठी विद्वत्ता लागत नाही. आपली कहाणी पुरते.

घरच्यांसाठी एकच नियम पुरेसा आहे. गीता त्याच्यापुढे ठेवावी. गीतेने त्याला मारू नये. सायंकाळच्या पाठास सर्वांनी बसावे आणि त्यालाही जागा ठेवावी. तो आला नाही, तरी जागा काढू नये.

गीतेच्या शेवटी अर्जुन काय म्हणतो, हे आठवावे. मोह गेला, स्मृती परत मिळाली, असे तो म्हणतो (१८.७३). दुसऱ्या अध्यायात पतनाच्या जिन्यावर जी स्मृती हरपते, तीच अठराव्या अध्यायात हाती येते. मधले पंधरा अध्याय म्हणजे सोबत्याशी झालेले संभाषण होय. भगवंतांनी रथ हाकला, युद्ध अर्जुनासच करावयाचे होते. पण त्याला रथात एकटे ठेवले नाही. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरात आज कोणी एकटा बसला असेल, तर त्याच्या शेजारची जागा आपण रिकामी ठेवू नये.

मननासाठी प्रश्न

१. विषय सुटणे आणि रस सुटणे यांतील भेद स्वतःच्या एखाद्या सवयीवरून सांगा.

२. बुद्धीही शत्रूचे ठाणे होऊ शकते, याचा अनुभव आपणांस केव्हा आला?

३. ‘स्वतःचा उद्धार स्वतः करावा’ आणि ‘परस्परांस बोध करावा’ या दोन उपदेशांचा मेळ कसा घालाल?

४. आपल्या परिचयातील कोणाला उद्या सायंकाळी सोबत देता येईल?